तीन नंबरचा तुकडा

जयसिंगराव पिसाळांनी तीन नंबरचा तुकडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि तिसऱ्यांदा चावायच्या आधीच कागदी रुमालात थुंकला.

"खवट," ते म्हणाले.

पोह्यांच्या दुकानासमोर उभी असलेली वीस-बावीस माणसं एकदम त्यांच्याकडे वळली. रविवार सकाळचे साडेनऊ वाजले होते. महूपर्यंत सायकल हाणून आलेली ही मंडळी पलासियाच्या मागच्या या गल्लीत दर रविवारी पोहे-जिलेबीवर तुटून पडायची आणि रस्त्यावर जेवढं जाळलं त्याच्या दीडपट पोटात घालून घरी जायची. आज मात्र पोहे थांबवून ठेवले होते. बाकावर चार कागदी बश्या होत्या, प्रत्येकीवर पेनानं एकेक आकडा आणि प्रत्येकीत एकेका एनर्जी बारचे बोटभर तुकडे.

तीन आठवड्यांनी क्लबची मोठी राइड होती. इंदूर ते महेश्वर आणि परत, दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. शंभरावर लोक येणार होते. अशा राइडमध्ये तासा-तासाला पोटात काहीतरी गेलं नाही, तर येताना मानपूरच्या घाटात पाय असे संपतात की माणूस सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला रडत बसतो. हे जयसिंगरावांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून या वर्षी क्लबतर्फे सगळ्यांना एकच बार द्यायचा ठरला होता आणि तो कुठला, हे जयसिंगरावांची जीभ ठरवणार होती.

ही जीभ साधी नव्हती. सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तिनं नोकरी केली होती. तेल किती दिवसांचं, बेसनात मटारचं पीठ किती, मिरची कुठल्या मालातली, हे जयसिंगराव चिमूटभर शेव चघळून सांगत. कामगार त्यांना 'जीभवाले साब' म्हणत. पणजोबा होळकरांच्या मुदपाकखान्यावर देखरेखीला होते, असं घरात सांगत, त्यामुळे हे देणं रक्तातूनच आलं आहे असा जयसिंगरावांचा ठाम समज होता. निवृत्तीनंतर साठाव्या वर्षी ते सायकलवर बसले आणि सहा वर्षांत क्लबचे आजोबा झाले. गेल्या उन्हाळ्यात एका ढाब्यावर त्यांनी ताकाचा एक घोट घेतला आणि सगळ्यांचे पेले ओतायला लावले. तेच ताक प्यालेला दुसरा गट दोन दिवस अंथरुणावर होता. त्या दिवसापासून जयसिंगराव नाही म्हणाले की विषय संपला, हा क्लबचा कायदाच झाला होता.

एक नंबरला त्यांनी आधीच उडवलं होतं. वरून चॉकलेट. "मार्चमधल्या उन्हात खिशात वितळणार. सायकल चालवाल की बोटं चाटाल?" दोन नंबर इतका कडक की शेजारच्या एकाची कवळी हलली. चार नंबर भूषणच्या दुकानात मिळणारा पाकिटातला बार. तो त्यांनी बराच वेळ चघळला. "लाकडाचा भुसा आहे. पण दोष नाही. चालेल," ते म्हणाले.

भूषण म्हणजे क्लबचा कर्ताधर्ता. पलासियाला त्याचं सायकलचं दुकान होतं. वय पस्तिशीचं, बोलणं गोड. त्यानं तीन नंबरच्या बशीखालची चिठ्ठी उलटी केली आणि डोकं खाजवलं.

"काकाजी, पक्का ना? कारण की हा आपल्या संहिताचा आहे. आणि बाकी लोकांना तर तीनच पसंद आला."

जयसिंगरावांनी चिठ्ठीवरचं नाव पुन्हा वाचलं. संहिता त्यांची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. तुकोगंजमधल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ होती. जानेवारीत नोकरी सोडली आणि घरातच बार बनवायला लागली. खजूर, शेंगदाणे, ओट्स, जवस आणि घामातून जातं म्हणून चिमूटभर सैंधव. ही राइड तिची पहिली मोठी ऑर्डर ठरणार होती. इथे नाव झालं तर भोपाळ, उज्जैनचे क्लब घेणार होते. इथे नापास झाली तर तिची आई, म्हणजे जयसिंगरावांचीच बहीण, तिला हाताला धरून परत दवाखान्यात नेऊन बसवणार होती. हे त्यांना पुरतं माहीत होतं.

पण तोंडातला खवटपणाही खरा होता.

"शेंगदाणा जुना आहे," ते म्हणाले. "भाची असो नाहीतर कुणी असो."

"ठीक आहे. पुढच्या रविवारी एक वेळा और चाखून घ्या, फिर लॉक करू," भूषण म्हणाला आणि पोहे आले. जयसिंगरावांनी एक घास घेतला आणि बशी बाजूला सारली. या दुकानदारानंही तेल बदललं होतं. तीन महिने झाले, दर रविवारी बदलतोय लेकाचा.

*

खरं म्हणजे सगळं शहरच बिघडलं होतं. दिवाळीनंतर कुणाची नियत म्हणून राहिली नव्हती. जयसिंगरावांनी तीन दूधवाले बदलले, तिघेही तेच. कॉफीला जळक्या रबराचा वास येई म्हणून कॉफी बंद केली. कांद्याच्या फोडणीला गटाराचा वास. तो येऊ लागल्यावर कांदेवाल्याशी भांडण झालं. त्यानं कांदा हातात घेऊन चारचौघांत कच्चा खाऊन दाखवला, तरी यांनी मानलं नाही. टूथपेस्टच्या कंपनीला त्यांनी इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं होतं. लोणच्याची बरणी उचलून थेट कचऱ्याच्या गाडीत दिली, आणि ओला कचरा कुठे, सुका कुठे यावरून त्या गाडीवाल्याशीही वाद घातला. भेसळ, भेसळ आणि भेसळ. माणसाचा जगावरचा विश्वास उडायला आणखी काय लागतं? जगात एकच गोष्ट शाबूत होती, ती म्हणजे त्यांची स्वतःची जीभ.

आणि घरातही कुठंतरी पाणी मुरत होतंच. लालबागजवळच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बायको इंदुमती आणि ते, दोघंच. मुलगा पुण्याला. इंदुमतीबाई दर गुरुवारी महाराष्ट्र मंडळात भजनाला जायच्या, ते दिवाळीनंतर अचानक बंद झालं. विचारलं तर म्हणे गुडघे दुखतात. पण गुडघे दुखणारी बाई दिवसातून चारदा स्वयंपाकघरात जाऊन गॅसची बटणं का बघते? ओट्यामागे तेलाचे दोन डबे का लपवते? जयसिंगराव अंघोळीला गेले की फोनवर हळू आवाजात कुणाशी बोलते? त्यांनी हे सगळं मनात नोंदवून ठेवलं होतं. बोलले काही नाहीत. तपासनिसानं आधी नमुने गोळा करायचे असतात.

रविवारी दुपारी त्यांनी भूषणला फोन केला.

"ते तीन नंबरचे तुकडे उरलेत का? मला परत बघायचेत."

"काकाजी, ते तर कधीच खतम. सगळ्यात पहिले तीनच संपला ना. त्या शंतनूनं तर चार उचलले, भिया!"

जयसिंगरावांनी फोन ठेवला आणि विचार करत बसले. खवट वस्तू सगळ्यात आधी कशी संपेल? म्हणजे भूषण खोटं बोलत होता. का? चार नंबर कुणाच्या दुकानात मिळतो? भूषणच्या. मग संहिताचे तुकडे मुद्दाम उन्हात ठेवले असतील का? की तिचे म्हणून कुणा दुसऱ्याचेच मांडले? पण मग लोकांना तीनच आवडला असं तो कशाला सांगेल? इथे गाडी अडायची. दोन दिवस ती तिथेच अडून राहिली. शेवटी बुधवारी सकाळी त्यांनी सायकल काढली आणि काही न कळवता तुकोगंजला संहिताच्या घरी जाऊन धडकले.

*

"अरे मामा! या ना, बैठा. फोन तर करायचा," संहिता म्हणाली. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे. घरातल्या मागच्या खोलीचं तिनं स्वयंपाकघर केलं होतं. फरशी पुसून लखलखीत, भिंतीवर तारखांचे कागद, डब्यांवर चिठ्ठ्या. जयसिंगरावांना आतल्या आत अभिमान वाटला आणि त्याच क्षणी संशयही आला. इतकी स्वच्छता माणूस काहीतरी झाकायचं असलं की ठेवतो, हा कारखान्यातला अनुभव.

"सहज आलो होतो इकडे," ते म्हणाले. "पाणी दे जरा."

ती पाणी आणायला गेली तशी त्यांनी खजुराचा डबा उघडला. ओट्स चिमटीत घेऊन चोळले. जवसाची पिशवी उजेडात धरली. मग खाली वाकून कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात हात घातला आणि आतून शेंगदाण्याचं एक रिकामं पोतं ओढून काढलं. त्यावर तारीख होती. दीड वर्षापूर्वीची.

सापडलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून फिरवलेली पोर ही.

"मामा."

संहिता दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिनं त्यांच्या हातातलं पोतं पाहिलं, डब्याचं उघडं झाकण पाहिलं.

"तुम्ही माझा कचरा देखताय?"

"हे काय आहे?"

"किराणावाल्याकडून पुठ्ठे बांधून आले होते त्यात. ते पोतं त्याचं आहे." तिचा आवाज अजून शांत होता. "मी पोत्यातले दाणे घेतच नाही. मी शेंगा आणते, सालासकट. इथेच फोडते, इथेच सेकते. मला विचारायचं होतं ना सीधं."

"विचारलं तर कोण खरं सांगतं?"

हे बोलायला नको होतं. तोंडातून निघून गेलं. संहितानं पेला ओट्यावर ठेवला. शेंगांची टोपली पुढे ओढली, मूठभर शेंगा त्यांच्यासमोर फोडल्या, कढईत टाकल्या आणि मंद आचेवर भाजल्या. दाणे तडतडले. ती ते बशीत काढून फुंकर मारत त्यांच्यापुढे धरून उभी राहिली.

"घ्या. आता सांगा."

जयसिंगरावांनी एक दाणा तोंडात टाकला. तोच खवटपणा. जुन्या, सडक्या तेलाचा भपकारा थेट टाळूत चढला. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"खवट आहे."

"मामा, आत्ता फोडले. तुमच्यासमोर."

"म्हणजे शेंगच खराब. या वर्षीचं सगळं पीकच गेलंय. मंडीपासूनच घोळ आहे, तुला काय कळणार!"

संहितानं स्वतः दोन दाणे खाल्ले. सावकाश चावले. मग ती मामांच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही, पण त्याच्या जागी जे आलं होतं ते त्यांना अजिबात आवडलं नाही. दवाखान्यात पेशंटकडे बघतात तसं ती बघत होती.

"मामा, तुम्हाला दिवाळीनंतर ताप आला होता ना? किती दिवस होता?"

"त्याचा इथे काय संबंध?" ते तडकले आणि पाणी न पिताच निघाले. विषय बदलते आहे. पकडली गेली की माणसं विषय बदलतात.

*

शनिवारी दुपारी ते डुलकी काढून उठले तेव्हा जेवणाच्या टेबलावर तीन वाट्या मांडलेल्या होत्या. इंदुमतीबाई पलीकडच्या खुर्चीवर हात घट्ट जुळवून बसल्या होत्या.

जयसिंगराव जागच्या जागी थांबले. तीन वाट्यांचा अर्थ या घरात समजावून सांगायला नको होता. कारखान्यात चव बघायच्या कामावर नवा माणूस घ्यायचा असला, की ते त्याच्यापुढे तीन वाट्या ठेवत. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली ते सांग. तीन वेळा चुकला तर माणूस चहा पिऊन घरी. बत्तीस वर्षांत कित्येक एमएस्सी झालेली पोरं त्यांनी अशी चहा पाजून परत पाठवली होती.

"हे काय खूळ?" ते हसले.

"बसा तर खरं. तीन वाट्यांत चिवडा आहे. वेगळा कुठला, सांगा."

"संहितानं शिकवलं वाटतं. बुधवारपासून तुमचं फोनवर जे चाललंय ते मला कळत नाही असं नाही, इंदू."

"हो, तिनंच फोन केला. बसा."

ते बसले. हा डाव कसा उधळायचा ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्या वाटीतला चिवडा चघळला. खवट. दुसऱ्या वाटीतला. खवट. तिसऱ्या वाटीतून त्यांनी अख्खी मूठ भरून तोंडात टाकली, डोळे मिटून सावकाश चावली आणि गिळली. खवट. तीच, तेवढीच.

"तिन्ही सारख्या आहेत," ते म्हणाले. "मला फसवायला निघालीस? तिन्ही एकाच तेलातल्या आणि तेल खराब आहे."

इंदुमतीबाईंनी पहिल्या वाटीतला चिवडा खाल्ला, दुसऱ्या वाटीतला खाल्ला. तिसऱ्या वाटीतली एक चिमूट जिभेवर ठेवली आणि लगेच उठून मोरीत थुंकल्या. दोनदा चूळ भरली. परत आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"दसऱ्याचा डबा होता तो, माळ्यावर राहिलेला. पाच महिने झाले. त्याच्या वासानं मला मघाशी मळमळलं. मला वाटलं, तोंडाजवळ नेताच थांबाल. तुम्ही मूठभर गिळलात हो."

जयसिंगरावांनी वाट्या तिच्याकडे सरकवल्या. मग म्हणाले, "परत लाव."

इंदुमतीबाईंनी परत मांडणी केली. या वेळी तीन पेल्यांत साखरेचं पाणी, त्यातल्या एकात केवडा. जयसिंगरावांनी मधला पेला उचलला. चुकलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, डोळे मिटा. नाकाशी काहीतरी धरलं. त्यांनी जोरात श्वास ओढला. काहीच नाही. कोरी हवा. डोळे उघडले तर समोर हिंगाची उघडी डबी होती.

जयसिंगरावांनी डबीचं झाकण लावलं. खालून दुचाक्यांचे आवाज येत होते.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्या तापानंतर. संहिता म्हणते, अशा तापानं काही वास जातात, काही भलतेच येतात. कांद्यावरून भांडायला लागलात तेव्हाच शंका आली. एकदा बोलले मी, आठवतं? दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. म्हटलं, येईल परत, कुणाकुणाचं येतं म्हणे." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मग एक दिवस मी भजनाहून आले. जिन्यातच गॅसचा वास. तुम्ही स्वयंपाकघरात बसून पेपर वाचत होतात. बटण उघडं. तुम्ही म्हणालात, आलीस, चहा टाक. तेव्हापासून तुम्हाला एकटं टाकून गेले नाही कुठे. चांगलं तेलही फेकाल म्हणून डबे लपवले, आणि तुम्ही अंघोळीला गेलात की पुण्याला मुलाशी हेच बोलत होते."

म्हणजे गुडघे नव्हते. लपवलेले डबे, चारदा बघितलेली बटणं, हलक्या आवाजातले फोन, सगळ्याचा हिशोब एका दमात लागला आणि त्यात लबाड म्हणून एकही माणूस निघाला नाही. दूधवाले तिघेही चांगले होते. कांदेवाला चांगला होता. आणि आपण एका पोरीच्या कचऱ्यात हात घालून आलो. लाजेनं त्यांना मान वर करवेना.

"डॉक्टरकडे जाऊ सोमवारी," इंदुमतीबाई म्हणाल्या. "आणि उद्या तिथे जाऊन तीन नंबर पास म्हणा, बस. संहिताचं काम होईल. बाकी कुणाला सांगायची काय गरज आहे?"

*

रविवारी सकाळी रस्ताभर तो सल्ला त्यांच्या डोक्यात फिरत होता. किती सोपं होतं. एक तुकडा तोंडात टाकायचा, मान डोलवायची, म्हणायचं: हा, आता बरोबर जमलाय. पोरगी खूश, क्लब खूश, आणि जीभवाले साब पुढेही जीभवाले साब. पण पुढे काय? पुढच्या उन्हाळ्यात कुठल्यातरी ढाब्यावर शंभर माणसं पेले हातात घेऊन आपल्या तोंडाकडे बघतील आणि आपण म्हणू, प्या. राऊपासून पलासियापर्यंत त्यांना बाकी काही सुचलं नाही. मागच्या पोरांनी त्यांना दोनदा ओलांडलं, तेही लक्षात आलं नाही.

दुकानासमोर बश्या मांडलेल्या होत्या. या वेळी दोनच, तीन नंबर आणि चार नंबर. संहिताही आली होती. गर्दीच्या मागे, डबा छातीशी धरून. मामांकडे बघून ती हसली नाही, पण तिनं तोंडही फिरवलं नाही.

"चला, काकाजी," भूषण म्हणाला. "चाखा आणि फैसला करा. आज लॉक करायचंच आहे, राइडचं पत्रक छपाईला द्यायचंय."

जयसिंगरावांनी हेल्मेट काढलं. तीन नंबरच्या बशीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"मी चाखून उपयोग नाही," ते म्हणाले.

"मतलब?"

"मला वास येत नाही, भूषण. नोव्हेंबरपासून. चवही सगळी उलटी लागते. काल घरी पाच महिन्यांचा सडका चिवडा मूठभर खाल्ला आणि मला कळलं नाही." त्यांनी गर्दीमागच्या संहिताकडे पाहिलं. "मागच्या रविवारी मी हिचा बार थुंकला. त्या बारमध्ये काही खोट नव्हती. खोट इथे होती." त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "इथून पुढे माझ्या सांगण्यावरून काही खाऊ नका, काही टाकू नका. ढाब्यावर तर अजिबात विचारू नका मला."

शंतनू, जो एरवी एक मिनिट गप्प बसत नसे, तो आपल्या सायकलची चेन बघायला लागला. जयसिंगरावांनी हेल्मेट बाकावर ठेवलं.

"मग फैसला कोण करणार?" मागून कुणीतरी विचारलं.

"तुमच्या तोंडात जिभा नाहीत का?" जयसिंगराव खेकसले. "चाखा आणि हात वर करा."

लोकांनी चाखलं. चार नंबरला तीन हात वर झाले, त्यातला एक भूषणचा. तीन नंबरला बाकी सगळे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भूषणनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि "संहिता, राइडच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत होऊन जाईल ना?" एवढंच म्हणाला.

संहिता गर्दीतून पुढे आली. मामांच्या समोर येऊन उभी राहिली. जयसिंगरावांनी तिची नजर चुकवली.

"बुधवारी तुला जे बोललो..." ते म्हणाले आणि पुढचं जमलं नाही. त्यांनी बशी जवळ ओढली. "सांग. कसा लागतो?"

"मामा, राहू द्या ना. तुम्हाला त्रास होईल."

"सांग म्हणतो ना."

"खजुराचा गोडवा पहिले येतो," ती हळू आवाजात म्हणाली. "मग दाणा. थोडा खरपूस सेकलाय, मुद्दाम. जवस दाताखाली येतं. आणि अगदी शेवटी मीठ, जरासंच."

जयसिंगरावांनी तुकडा तोंडात टाकला. तोच भपकारा आला. सडकं तेल, जुनं, घसा आवळून टाकणारं. बत्तीस वर्षांची सवय कागदी रुमाल शोधायला लागली. त्यांनी हात खाली ठेवला, तिच्या चेहऱ्याकडे बघत सावकाश चावलं, शेवटपर्यंत, आणि गिळलं.

"चांगला झालाय," ते म्हणाले. "अजून एक दे."